बाईंच्या बोटाखालची नोट

मी दुधी काच बोलतेय. नोट नव्हे, नोटेखालची काच. जुन्या नोटांचा विषय निघाला की माणसं नोटेकडेच कान लावून बसतात. पण नोट काय सांगणार? ती आज या खिशात, उद्या त्या खिशात, तिला कुणाचा लळा म्हणून नाही. मी जन्मभर एकाच मेजावर आडवी पडून राहिले आणि वर वाकलेली माणसं बघत आले. लळा लागायला तेवढं पुरतं.

माझा जन्म भट्टीतला. माझ्या बहिणी आरपार निघाल्या आणि खिडक्यांत, आरशांत मिरवायला गेल्या. माझ्या रसात मात्र मुद्दाम पांढरं कालवलं होतं, म्हणून माझ्यातून उजेड जातो, पलीकडचं काही दिसत नाही. मला गवतात गुंडाळताना एक कामगार म्हणाला, "ही धड आंधळी नाही आणि धड डोळस नाही." तेव्हा मला ते फार लागलं होतं. पुढे कळलं, माझ्या कामाला तेवढीच डोळस काच लागते.

एका फोटो स्टुडिओत मला लाकडी मेजावर बसवलं, पोटाखाली दिवे लावले. माझ्यावर फोटोच्या निगेटिव्ह ठेवायच्या आणि टोकदार पेन्सिलीनं माणसांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसायच्या, असं तिथलं काम. फोटोग्राफर त्यात वाकबगार होता. कपाळावरच्या आठ्या, गालावरचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं नाहीसं करायचा. लोक स्वतःचे फोटो बघून खूश होऊन जायचे. मला वाटायचं, जगात हेच खरं कसब. मग कॅमेरे बदलले, निगेटिव्ह गेल्या, फोटोग्राफरही गेला, आणि त्याच्या मुलानं मेजासकट मला विकून टाकलं.

विकत घेणाऱ्याला लोक मास्तर म्हणायचे. शाळेत शिकवणारे मास्तर नव्हेत. ते जुन्या नोटा पारखून त्यांना मार्क द्यायचे, म्हणून मास्तर. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं अरुंद दुकान होतं. पुढे गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, मध्ये मी, माझ्यापलीकडे मास्तर आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको. मागे पडद्याआड एक मोरी आणि चहाची शेगडी. बायकोला सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे.

इथे सगळंच उलटं निघालं. स्टुडिओत सुरकुती पुसली की शाबासकी, इथे सुरकुती पुसली की चोरी. मास्तर नोट माझ्यावर ठेवत, खालचा दिवा लावत. पूर्वी नोटांची चळत टाचणीनं टोचून ठेवायची रीत होती. ती टाचणीची भोकं माझ्या उजेडात लख्ख दिसतात. कुठे फाटलेलं चिकटवलं असेल तर तिथे सावली पडते. मग मास्तर खालचा दिवा बंद करून बाजूनं तिरका दिवा धरत, की घड्यांच्या रेघा उठून येत. एवढं झालं की ते निकाल सांगत. त्यांचे वर्ग त्यांचेच होते: कोरी, जवळपास कोरी, बरी, वापरलेली, थकलेली. "माणसं बहुतेक करून 'वापरलेली'त बसतात," असं म्हणून ते बाईंकडे बघत. बाई म्हणत, "तुम्ही कधीच थकलेलीत गेलात."

मास्तर मार्क देण्यात फार कडक. गिऱ्हाईक रडो, भांडो, अर्धा मार्क वाढायचा नाही. पणजोबांची नोट म्हणून मखमलीत गुंडाळून आणलेली असे, आणि मास्तर सांगत, "अशा पोत्यानं मिळतात." एकदा एक गृहस्थ दुर्मीळ नोट घेऊन आले. कायमची टिकावी म्हणून त्यांनी ती प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केली होती. मास्तरांनी कपाळावर हात मारला. बाईंनी त्यांना पाणी दिलं, गृहस्थांना नव्हे, मास्तरांना.

आता बाईंचं खरं काम सांगते. बाई लाँड्रीवाल्याची मुलगी. लहानपण सगळं साबण, खळ आणि इस्त्री यांत गेलेलं. नोटांच्या धंद्यात लबाड लोक काय करतात, तर मळकी नोट धुतात, मऊ पडली की तिला पातळ खळ देतात आणि इस्त्री फिरवून कोरी म्हणून विकतात. चांगलं जमलेलं असेल तर माझा उजेड आणि मास्तरांचं भिंग दोन्ही फसतात. बाई फसत नसत. त्या डोळे मिटून नोटेवरून एक बोट फिरवत. छापताना शाई कागदावर किंचित उभी राहते, इस्त्री फिरली की ती निजते, असं त्या सांगायच्या. मग नोट नाकाशी धरत आणि म्हणत, "धुतलीये." किंवा नुसतं, "असू दे." पुढे दुकानाची रीतच पडली. मास्तर कितीही मार्क देवोत, बाईंच्या बोटाखालून गेल्याशिवाय नोट दुकानाबाहेर जायची नाही. गिऱ्हाइकंही तेच मागत.

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. होती ती एक नोट. मला दुकानात आणलं त्याच आठवड्यात माझ्या मेजाचा खण साफ करताना तळाच्या पुठ्ठ्याखाली ती बाईंना सापडली. छापून आल्या आल्या चलनातून बंद झालेली, एकदाही न दुमडलेली नोट. दोघं ती परत द्यायला फोटोग्राफरच्या मुलाकडे गेली, तर तो हसून म्हणाला, "बंद नोट घेऊन मी काय करू? तुमच्याच धंद्याची आहे, ठेवा." तेव्हा तिला किंमत नव्हती. पण तिच्या भावंडांतल्या बहुतेक सरकारनं जाळल्या, उरल्या त्या हाताळून चिंध्या झाल्या, आणि वर्षं गेली तशी ही एकटी कोरी राहिली. कडेला वयाचा पिवळेपणा तेवढा आला होता. तिचं नाव मास्तरांनी 'म्हातारपणाची काठी' ठेवलं होतं. बँकेच्या लॉकरमध्ये तिला झोपवून ठेवलेलं असे.

मग बाई विसरायला लागल्या.

आधी चहात साखर घालायची विसरल्या, मग साखर कुठली हे विसरल्या. एकदा परत जाताना घराची गल्ली चुकल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. काही दिवशी त्या मास्तरांना ओळखत, काही दिवशी "तुमचं दुकान छान आहे हो" म्हणून कौतुक करत. मास्तर म्हणत, "तुमचीच कृपा." आणि तोंड फिरवून भिंग पुसत बसत. भिंग स्वच्छच असायचं. बोट मात्र बाईंचं अजिबात विसरलं नव्हतं. नवऱ्याचं नाव आठवत नव्हतं त्या दुपारीही त्यांनी तीन लबाड नोटा काढून दिल्या.

मास्तरांची भाची नर्स होती. ती एकदा दुकानात आली आणि बाई मागे असताना हळू आवाजात म्हणाली, "मामा, मामींना एकट्यानं सांभाळणं तुम्हाला आता झेपायचं नाही. परवा गॅस चालू राहिला होता. नदीपलीकडे आजाऱ्यांना ठेवून घेणारं चांगलं घर आहे. मी स्वतः बघून आलेय."

"तिथे तिला कोण ओळखणार?" मास्तर म्हणाले.

"मामा, ती तरी कुणाला ओळखते?"

मास्तरांनी पडद्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "घरी दिवसभराची मदतनीस ठेवली, आणि मी दुकान बंद करून घरी बसलो, तर?"

"परवडेल?"

"काठी विकतो," मास्तर म्हणाले. "म्हातारपणासाठीच ठेवली होती. अजून कसली वाट बघू?"

गिऱ्हाईक ठरलेलं होतं. एक वकील बरीच वर्षं त्या नोटेवर डोळा ठेवून होते. हौसेला मोल नसतं म्हणतात, वकिलांच्या हौसेला मात्र चांगलं घसघशीत मोल होतं. तेवढ्या पैशांत बाई त्यांच्या शेवटपर्यंत स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर राहू शकल्या असत्या. वकिलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून कळवलं.

मास्तरांनी नोट लॉकरमधून आणली, माझ्यावर ठेवून एकदा डोळे भरून पाहिली आणि पाकिटात घालून खणात ठेवली. बाईंना म्हणाले, "उद्या पाहुणे येणार आहेत हं, ही घ्यायला." मग बाईंच्या गोळ्या आणायला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. दार बाहेरून ओढून घेतलं होतं. बाई शांत बसल्या होत्या. एका चहाच्या वेळेचं काम, पण तिथे रांग असावी, मास्तरांना तासभर लागला.

बाईंनी खण उघडला. नोट काढून उजेडात धरली, कडेच्या पिवळेपणावर बोट ठेवलं आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "मळकी कशी द्यायची पाहुण्यांना?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. आवाज लहान मुलीचा होता. बापाच्या लाँड्रीत उभ्या होत्या त्या. तिथे गिऱ्हाइकाला मळका कपडा परत जात नसे.

पडद्याआड नळ वाहिल्याचा आवाज आला. मग शेगडी पेटली. मला ओरडता येत असतं तर मी तडकून ओरडले असते. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर ती नोट ओली, मऊ, निपचित पडली होती. त्यांनी ती माझ्यावर पसरली, खालचा दिवा लावला, माझ्या उबेवर सुकू दिली. खळ कशाची केली देव जाणे, पण केली होती. मग रुमाल अंथरून गरम पातेल्याच्या बुडानं त्यांनी तिला अशी हळुवार इस्त्री केली, की तान्ह्या बाळाचं झबलं असावं. काम करताना त्या गुणगुणत होत्या. त्यांना इतकं आनंदात मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मास्तर आले. बाईंनी नोट दोन्ही हातांनी पुढे केली. "बघा तरी, कशी झालीये! उद्या पाहुण्यांसमोर मान खाली घालायला नको."

मास्तरांच्या हातातली गोळ्यांची पिशवी माझ्यावर पडली. त्यांनी नोट घेतली. त्यांचा चेहरा माझ्या अगदी वर होता, मी तो खालून पाहिला, आणि तसा चेहरा पुन्हा कुणाचा बघायची माझी इच्छा नाही. बाई शाळेत निकाल ऐकायला उभ्या राहिल्यासारख्या वाट बघत होत्या.

"कोरी," मास्तर म्हणाले. "एकदम कोरी."

बाईंनी टाळी वाजवली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? बाईंना झोप लागल्यावर मास्तरांनी नोट पुन्हा माझ्यावर ठेवली. खालचा दिवा लावून बघितलं, तिरका दिवा लावला, भिंग लावलं. पिवळेपणा गेला होता, कागद ताठ होता, घडी नव्हती, भोक नव्हतं. त्यांनी खरंच मन लावून शोधलं, पण बाईंच्या हातात खोट सापडेना. हळूहळू त्यांचा श्वास बदलला. वकिलांची नजर अधू झालेली, ते मास्तरांच्या शब्दावर घेणार. आणि धुतलेली नोट ओळखणारं बोट या गावात एकच होतं. ते बोट शेजारच्या खुर्चीत घोरत होतं. मास्तरांनी माझा दिवा झटकन बंद केला.

सकाळी वकील आले. नोट बघून त्यांचे डोळे ओले झाले म्हटलं तरी चालेल. "मास्तर, काय म्हणता?"

"कोरी," मास्तर म्हणाले. दुसऱ्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून फार बारीक निघाला.

वकिलांनी चेकबुक काढलं, पेनाचं टोपण काढलं आणि हसून म्हणाले, "रीत म्हणून बाईंच्या बोटाखालून जाऊ दे. तेवढ्याशिवाय मला घरी झोप लागायची नाही."

"आज तिला बरं नाही," मास्तर घाईघाईनं म्हणाले.

"कोण म्हणतं बरं नाही?" बाई ताठ बसल्या. "आणा इकडे. कामाच्या वेळी काम."

मास्तरांचा हात नोटेवरून सुटेना. बाईंनीच ती ओढून घेतली, डोळे मिटले, बोट फिरवलं. बोट अर्ध्यावर थांबलं. त्यांनी नोट नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"धुतलीये," बाई म्हणाल्या. "धुऊन खळ दिलीये. आणि खळ अशी दिलीये, की करणारा हात जाणता आहे. म्हणून तर जास्त राग येतो." त्यांनी नोट उलटून पाहिली, आणि एकाएकी ओळख पटली तशा दचकल्या. "अगं बाई, ही आमची आहे! आमच्या खणातली! कुणी केलं हे?"

वकिलांनी टोपण पेनाला परत लावलं. ते मास्तरांकडे बघत होते. बाईही बघत होत्या. खरं सांगून टाकलं असतं तर वकील चुकचुकले असते, 'आजारपण आहे' म्हणाले असते, मास्तरांचं नाव तरी वाचलं असतं. पण बाई समोर होत्या, आणि त्या क्षणी त्यांना सगळं समजत होतं.

"मी," मास्तर म्हणाले. "मी धुतली."

"मास्तर, तुम्ही?" वकील म्हणाले. मास्तरांनी मान हलवली. वकिलांनी चेकबुक खिशात घातलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि दार लागलं. बाजारात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार होती.

बाई उभ्या राहिल्या होत्या. "ऊठ," त्या मास्तरांना म्हणाल्या. "ऊठ त्या खुर्चीतून. ती माझ्या यजमानांची खुर्ची आहे. त्यांनी उभ्या जन्मात एक मार्क खोटा दिला नाही, आणि तू त्यांच्या जागेवर बसून लबाडी करतोस? लाज नाही वाटत? ते बाहेर गेलेत, येतील आता. ते आले की तुझी धडगत नाही."

मास्तर उठले. "चुकलं माझं, बाई," ते गिऱ्हाइकासारखं म्हणाले. "जातो मी."

दार उघडलं, लागलं. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला नाही. मास्तर दाराबाहेरच उभे होते. बाई माझ्यावर दोन्ही हात टेकून दाराकडे बघत राहिल्या. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. मग दार पुन्हा उघडलं.

"मी आलो गं," मास्तर म्हणाले.

"आलात?" बाईंचा सगळा जीव त्या एका शब्दात गोळा झाला होता. "किती उशीर केलात हो! एक माणूस आला होता. त्यानं आपली नोट धुतली. तुम्ही किती जपली होती." आणि त्या रडायला लागल्या. त्यांचे अश्रू माझ्यावर पडत होते, मला ते पुसता येत नव्हते.

"जाऊ दे. गेला तो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही त्याला शोधायला जाऊ नका."

"नाही जात."

"मी फार बोलले त्याला," बाई म्हणाल्या. "म्हातारा होता बिचारा. जाताना रडत होता."

मास्तरांनी बाईंचं डोकं छातीशी धरलं. त्यानंतर मला दोघांचे चेहरे दिसले नाहीत, माझ्यावर पाणी होतं.

त्यानंतर दुकानात फारसं कुणी आलं नाही. खोटं बोलणाऱ्या पारख्याकडे कोण येणार? धुतलेली नोट किरकोळीत गेली, तिचे पैसे औषधवाल्याला पुरले. पाऊसपाणी सरलं तसं भाचीनं बाईंची पिशवी भरली आणि त्यांना नदीपलीकडच्या त्या घरात नेलं. दुकानातलं सामान विकायला काढलं तेव्हा भाचीच जुन्या बाजारवाल्याला सगळं सांगत होती, म्हणून मला कळलं. मास्तर रोज दुपारी तिथे जातात. काही दिवशी बाई त्यांना यजमान म्हणतात आणि शेजारी बसवून घेतात. काही दिवशी म्हणतात, "तूच ना तो, नोट धुणारा?" तसं झालं की मास्तर भांडत नाहीत, समजावत नाहीत. उठून बाहेर जातात, दार लावून घेतात, थोडा वेळ थांबतात आणि परत आत येतात. एकदा त्यांना असं तीनदा करावं लागलं, तेव्हा तिथला पहारेकरी हसला.

मी आता जुन्या बाजारात एका मोडक्या कपाटाला टेकून उभी आहे. जन्मात पहिल्यांदा उभी. माझ्या कोपऱ्यावर किमतीची चिठ्ठी डकवली आहे आणि ती कमी करून मागायला लोक येतात. घ्यायचं असेल तर घ्या, पण पुन्हा कुणाची पारख करायला मला बसवू नका. एखाद्या खिडकीत लावा, आतल्यांना उजेड द्यायला मी पुरेन.

आणि आणखी एक मागते, तेवढं ऐका. कुठल्याशा दारात एखादा म्हातारा उगाच बाहेर जाऊन उभा राहतो आणि पुन्हा आत येतो असं दिसलं, तर हसू नका. जरा बाजूला व्हा आणि त्याला आत जाऊ द्या. आत त्याची वाट बघणारं कुणीतरी आहे.